आमची वाटचाल : एका मोबाइल नंबरवर पाच पेशंट

ठाणे आणि नवी मुंबईतल्या दवाखान्यांना सॉफ्टवेअर बसवून देणं हा आमचा धंदा. नौपाड्यातला एका खोलीचा दवाखाना असो की कोपरखैरण्यातलं चार डॉक्टरांचं पॉलिक्लिनिक, घोळ सॉफ्टवेअरपेक्षा काउंटरवर जास्त होतो.

सुरुवातीला आम्हीही मोबाइल नंबरालाच पेशंटची ओळख मानायचो. पण आजी, सून आणि तीन नातवंडं एकाच नंबरावर येतात. नंबर टाकला की वरचं नाव उघडतं, गर्दीत तेच निवडलं जातं आणि नातवाचा खोकला आजीच्या बीपीच्या गोळ्यांखाली जाऊन बसतो. आता प्रत्येकाला वेगळा केस नंबर, आणि शोधताना नावासोबत जन्मवर्ष. नुसतं वय लिहिलं तर ६ वर्षांचं मूल दोन वर्षांनंतरही ६ वर्षांचंच राहतं. १४ अंकी आभा क्रमांक (सरकारी आरोग्य ओळख क्रमांक) जोडता येतो, पण तो ऐच्छिक आहे. शिवाय ओटीपी जातो ऑफिसला गेलेल्या मुलाच्या फोनवर आणि रांग जिन्यापर्यंत पोचते.

खरी डोकेदुखी जुनी एक्सेल यादी आत घेताना होते. ०५/०६ म्हणजे आपल्याकडे ५ जून. संगणकाची तारखेची सेटिंग अमेरिकन असली की त्याचा ६ मे होतो. दिवस १२ च्या पुढचा असेल तर तारीख नुसता मजकूर म्हणून पडून राहते, त्यामुळे ती चूक सापडते. १२ पर्यंतच्या तारखा मात्र गुपचूप उलटतात. म्हणून फाइल उघडण्याआधीच तो कॉलम टेक्स्ट म्हणून घ्यायचा, वर्ष-महिना-दिवस असा क्रम लावायचा आणि १२ पर्यंतच्या वीसेक तारखा दवाखान्याच्या जुन्या वहीशी ताडून बघायच्या. मराठी नावं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील तर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा अक्षरांत, बदलायची, नाहीतर नावांऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. पूर्वी आम्ही अख्खी वही आत ओतायचो. आता गेल्या दोन वर्षांत येऊन गेलेले पेशंटच घेतो. बाकीचे परत आले की नोंदवायचे.

औषधांच्या यादीत तीन इंग्रजी अक्षरांवर सुचवणी आली की खाजेचं हायड्रॉक्सिझिन आणि बीपीचं हायड्रॅलाझिन शेजारी उभी राहतात. सुचवणी पाच अक्षरांनंतर ठेवावी, आणि गोळी ५०० मिलिग्रॅमची की ६५० ची हे आपोआप भरू देऊ नये.

वीज गेली की संगणक यूपीएसवर चालू, पण राउटर बंद, म्हणजे क्लाउडवरचं सगळंच ठप्प. राउटरला त्याच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट बघून छोटा यूपीएस द्या. लेझर प्रिंटर मात्र ६०० व्हीएच्या यूपीएसवर कधीच नको. त्याचा फ्यूजर (छपाई कागदावर वितळवून चिकटवणारा भाग) तापताना एवढा करंट ओढतो की संगणकही सोबत बसतो. थर्मल कागद फक्त पावतीपुरता, प्रिस्क्रिप्शनला नाही. त्यावरची छपाई उन्हात उडते.

बॅकअपचा पेनड्राइव्ह त्याच संगणकात खोचून ठेवलेला आम्हाला सर्रास दिसतो. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, दोन्ही एकदम लॉक करतं. एक प्रत बाहेर हवी, आणि महिन्यातून एकदा ती दुसऱ्या मशीनवर उघडून बघायलाच हवी.

नवी सिस्टिम जुलै-ऑगस्टमध्ये सुरू करू नका. तापाच्या गर्दीत काउंटरवरचा माणूस परत वहीकडे वळतो. आणि पैसे देण्याआधी करारात लिहून घ्या: सॉफ्टवेअर सोडताना सगळा डेटा सीएसव्हीमध्ये (कुठल्याही सॉफ्टवेअरला वाचता येणारी साधी यादी), आणि स्कॅन केलेले कागद केस नंबरच्या नावाच्या फोल्डरांत मिळतील. हे आमच्याकडूनही लिहून घ्या.