दुबईच्या इमारती : व्हॅनवाल्याच्या नादी लागू नका

आधी एक गोष्ट सांगते, कारण मला ती कुणी सांगितली नव्हती. दुबईतल्या इमारती चालत बघता येत नाहीत. नकाशावर दोन टॉवर हाकेच्या अंतरावर दिसतात, पण मध्ये शेख झायेद रोडच्या डझनभर लेन आडव्या येतात. तो रस्ता पायी पार करायचा तर मेट्रो स्टेशनचा पूल गाठायला हवा. मधूनच घुसलात तर दंड.

माझा जीव गेला तो बुर्ज खलिफा ते ओपस ही इमारत या पट्ट्यात. ऑक्टोबर संपत आला होता, सकाळचे अकरा वाजलेले. फुटपाथ झकास सुरू होतो आणि बांधकामाच्या पत्र्याला जाऊन धडकतो. पलीकडे जावं तर तिथे गाड्यांचा रॅम्प. सावली म्हणाल तर दिव्याच्या खांबाची. आणि एवढं करून ओपस दुपारी बघण्यात अर्धी मजा नाही! वास्तुविशारद झाहा हदीदने काचेच्या ठोकळ्यात मधोमध आठ मजली पोकळी ठेवलीय, वितळून भोक पडल्यासारखी. दिवसा सगळी काच आरशासारखी चमकते आणि पोकळीचा आकार नीट कळत नाही. रात्री आत दिवे लागतात. तेव्हा जा, आणि टॅक्सीने जा. टॅक्सी मीटरवर चालते, घासाघीस करावी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी पाय सुजले म्हणून हॉटेलातल्या एजंटची ‘आर्किटेक्चर स्पेशल’ व्हॅन घेतली. माणशी 250 दिरहम. आर्किटेक्चर डोंबलाचं! प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं, तीही पार्किंगमधून, आणि अत्तराच्या दुकानात पाऊण तास. ‘बुर्ज अल अरब दर्शन’ म्हणजे त्या हॉटेलचा समोरच्या किनाऱ्यावरून फोटो. आत जायला वेगळं बुकिंग लागतं, हे कळलं गेटवर. त्याच पैशांत मेट्रोचे बारा दिवसांचे पास आले असते.

तर मेट्रोच घ्या. साधं नोल कार्ड (मेट्रोचं भाडं भरायचं कार्ड) 25 दिरहमचं, त्यात 19 वापरायला मिळतात. दिवसभर फिरायचं असेल तर 20 चा पास. रेड लाइन बराच वेळ शेख झायेद रोडच्या कडेने उंचावरून जाते, टॉवर खिडकीतून ओळीने सरकत जातात. हीच खरी टूर. जास्त भाड्याच्या गोल्ड डब्यात साध्या तिकिटावर बसू नका आणि बरोबरच्या पुरुषमंडळींना बायकांच्या डब्याच्या गुलाबी पट्टीच्या अलीकडे उभं करा, दोन्हीकडे 100 दिरहम दंड आहे. डब्यात चकली काढलीत तरी तेवढाच.

बुर्ज खलिफा/दुबई मॉल स्टेशनला उतरलात की पोहोचलो असं समजू नका. एसी पुलावरून आणि मग मॉलमधून चालतच राहावं लागतं. तिकिटाच्या वेळेआधी पाऊण तास हातात ठेवा. सूर्यास्ताचं तिकीट सर्वांत महाग असतं; मी सकाळचं काढलं, काही बिघडलं नाही. 828 मीटरपैकी वरच्या 244 मीटरमध्ये वापरातला एकही मजला नाही, निव्वळ उंचीची हौस. पण पायथ्याशी मान वर करून बघा. इंग्रजी वाय अक्षरासारखे तीन पंख, आणि वर जाताना एकेक पंख आळीपाळीने आखडत जातो. प्रत्येक उंचीवर आकार वेगळा, म्हणून वाऱ्याला इमारत डोलवायची लय सापडत नाही. हे वर गच्चीत गेल्यावर दिसत नाही.

म्युझियम ऑफ द फ्युचर (2022) फक्त बाहेरून. एमिरेट्स टॉवर्स स्टेशनच्या पुलावरून अगदी जवळ दिसतं. अरबी अक्षरं म्हणजेच खिडक्या, 1,024 पत्र्यांच्या कवचात कापलेल्या. 2071 साल कसं असेल ते दाखवणारं आतलं प्रदर्शन लहान मुलांसोबत ठीक, एरवी पैसे वाचवा. दुबई फ्रेम? 150 मीटरची फोटोफ्रेम. मी दुसऱ्यांदा जाणार नाही. त्यापेक्षा ट्रेड सेंटरचा 1979 चा टॉवर बघा. 39 मजले, एकेकाळी दुबईत सगळ्यांत उंच, 100 दिरहमच्या जुन्या नोटेवर छापलेला. व्हॅन तिथे थांबलीच नाही.

दुबई मरिना भागातली संध्याकाळ छान गेली. 90 अंश पीळ दिलेला कायान टॉवर तिथेच आहे.

बाकी नोव्हेंबर ते मार्च याच काळात जा, आणि रविवारी लवकर निघायचा बेत करू नका, मेट्रो आठला सुरू होते.