तुम्ही विचारलंत म्हणून: घरात बंदुका किती?

खंडेनवमीला आमच्या दादरच्या घरी पाटावर पान्हे, पक्कड, विळी, बायकोची शिवणाची कात्री आणि त्यांच्या मागे आडवी एक रायफल असते. सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. प्रसादाला आलेल्यांपैकी कुणीतरी दरवर्षी विचारतंच, "अहो, तुम्हाला त्या जुन्या लष्करी रायफलींचा एवढा नाद. एकूण आहेत तरी किती?"

एक. आणि तीही लष्करी नाही.

हे ऐकून लोक हिरमुसतात. त्यांच्या डोळ्यांपुढे भिंतभर टांगलेल्या बंदुका असतात. पण लष्करी म्हणून सगळ्यांना माहीत असलेली थ्री-नॉट-थ्री आपल्याकडे प्रतिबंधित बोरमध्ये, म्हणजे सर्वसामान्यांना परवाना न मिळणाऱ्या नळीच्या मापात मोडते. फौजेचं काडतूस रयतेच्या हाती पडू नये, ही काळजी मुळात इंग्रजांची. आपण ती तशीच पुढे चालवली. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने परवान्यावरची हत्यारं तीनवरून दोनवर आली. तेव्हा संग्रह वगैरे विसरा.

माझ्याकडे आहे ती ईशापूरच्या कारखान्यातली .३१५ बोर. थ्री-नॉट-थ्रीची सख्खी बहीण म्हणा, फक्त साडी वेगळी. बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा सरकता अडसर, तोच, ली-एनफिल्डचा; थ्री-नॉट-थ्रीचं खरं नाव तेच. काडतूस मात्र ८ मिलिमीटरचं, जुन्या ऑस्ट्रियन मॅनलिखर रायफलीच्या घराण्यातलं. त्याच्या बुडावर 'केएफ' अशी अक्षरं असतात. केएफ म्हणजे किर्की फॅक्टरी, आपली खडकी! ऑस्ट्रियाचं काडतूस, इंग्रजांचा बोल्ट, बंगालचा कारखाना आणि पुण्याची दारू. एवढं सगळं एका पाटावर मावतं.

रायफल काकांची. काका मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, सारी नोकरी थ्री-नॉट-थ्रीवर काढलेली. निवृत्तीनंतर साताऱ्याकडच्या गावी रानडुकरांचं निमित्त सांगून त्यांनी ही घेतली. डुक्कर एकही मारलं नाही. ते गेल्यावर वारसाने माझ्याकडे आली, तेव्हा परवान्यासाठी किती हेलपाटे घातले ते सांगत बसत नाही.

माझी स्वतःची ओळख कॉलेजातल्या एनसीसीपासूनची. तिथे कवायतीला मिळायची ती 'डीपी', म्हणजे निकामी केलेली थ्री-नॉट-थ्री. जवळजवळ चार किलोचं धूड. 'कंधे शस्त्र' करताना खांद्याला वळ उठायचे आणि सगळी पोरं तिला शिव्या घालायची. मला ती तेव्हाच आवडली होती. चारचौघांत बोललो नाही इतकंच.

आवडण्यासारखं काय, तर बोल्ट. बहुतेक रायफलींमध्ये बोल्टची दांडी वर उचलतानाच जोर लागतो, कारण स्प्रिंग तिथेच दाबली जाते. ली-एनफिल्डची दांडी अलगद उचलली जाते, बोल्ट सरकन मागे येतो, आणि स्प्रिंग दाबली जाते ती तो पुढे ढकलताना, शेवटच्या इंचभरात. काकांनी शिकवलेली युक्ती अशी: अंगठा आणि तर्जनी दांडीच्या गोळ्यावरून सोडायचीच नाहीत, चाप मधल्या बोटाने ओढायचा. बोल्ट मागे, पुढे, खाली, चाप. हात एकदाही जागा बदलत नाही. १९१४ चे ब्रिटिश शिपाई ३०० यार्डांवर मिनिटाला पंधरा नेमाच्या गोळ्या झाडत, ते या बोल्टच्या जिवावर. माझ्या मॅगझिनमध्ये पाचच मावतात, आणि मला घाईही नसते.

वर्षातून दोनदा शहराबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर जातो. पहिल्या खेपेला फजिती झाली. या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. भरताना वरच्याची कड खालच्याच्या कडेपुढे हवी. ती मागे राहिली की बोल्ट वरचं काडतूस पुढे रेटतो, ते खालच्यात अडकतं आणि दोन्ही हटून बसतात. माझी बसली. काकांनी हे मला पन्नासदा सांगितलं होतं. शेजारच्या लेनमधला विशीतला मुलगा आपली झकपक .२२ रायफल बाजूला ठेवून बघत राहिला.

या नादात भाबडेपणा फार आहे, तो मला नको वाटतो. 'काय दणकट चीज होती!' असं कुणी म्हणालं की मला २६/११ चं सीएसटी आठवतं. समोर एके-४७, आणि आपल्या पोलिसांच्या हाती हीच थ्री-नॉट-थ्री. तरी तिथल्या एका हवालदाराने सहकाऱ्याची रायफल घेऊन गोळी झाडली होती. मला ती रेंजवर शोभते, हे मी आरामात बसून म्हणू शकतो. त्यांच्या हाती ती का होती, याला उत्तर नाही.

गोळा करतो ते म्हणाल तर बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात मावतं. चोरबाजारात पहाटेच्या जुम्मा बाजाराला मिळालेल्या पितळेच्या दोन तेलाच्या बाटल्या. त्या रायफलीच्या दस्त्यातल्या भोकात बसतात. एक पुल-थ्रू, म्हणजे नळी पुसायची दोरी, टोकाला चिंदी अडकवण्यासाठी फासा. पाच काडतुसं एकदम भरायच्या गंजक्या पट्ट्या. सगळं मिळून आमच्या गिरणीवाल्याच्या महिन्याच्या बिलाएवढ्या किमतीचं.

निवडणुका लागल्या की बहुधा रायफल पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. एकदा परत आली तेव्हा नळीच्या तोंडाशी तांबूस साय धरलेली. कुणाला बोलायचं? मुंबईची हवा आणि त्यात बंद खोली. चार संध्याकाळी तेल आणि चिंदी घेऊन बसलो. बायको म्हणाली, "माझे गुडघे दुखतात तेव्हा एवढं तेल लावलं असतंत तर."

२०१४ आणि २०१९ ला विधानसभेच्या निवडणुका ऐन दसऱ्याच्या तोंडावर लागल्या. दोन्ही वर्षी पाटावर रायफल नव्हतीच. तिच्या जागी डबा ठेवला आणि त्यावर झेंडू वाहिला. त्यातल्या एका वर्षी खालच्या मजल्यावरचा चिन्मय, तेव्हा सहा वर्षांचा, प्रसादाची वाटी हातात धरून पाट निरखत उभा राहिला.

"काका, बंदूक कुठे गेली?"

"निवडणुकीला उभी आहे," मी म्हटलं.

"जिंकेल?"