झेनिबा नव्हे, युबाबा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी जपानी शिकवते हे कळलं की 'स्पिरिटेड अवे' पाहिलेले लोक हमखास विचारतात, "त्या दोन म्हाताऱ्या जुळ्या बहिणींपैकी तुमची आवडती कोण?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणतात, "झेनिबाच असणार!"

नाही हो. युबाबा.

दिग्दर्शक हायाओ मियाझाकींचा हा जपानी ॲनिमेशनपट २००१ चा. दहा वर्षांची चिहिरो देवांच्या न्हाणीघरात अडकते, तिथली मालकीण म्हणजे युबाबा. भलंमोठं डोकं, बोटाबोटांत अंगठ्या. करारावर सही झाली की चिहिरोच्या नावातली अक्षरं कागदावरून उडून युबाबाच्या मुठीत जातात. मागे उरतं एकच, 'हजार' या अर्थाचं. एकटं असलं की ते 'सेन' असंही वाचतात. झाली चिहिरोची सेन!

लोभी आहे, आरडाओरडा करते, कबूल. पण काम मागेल त्याला काम द्यायची शपथ तिने घेतलीय, आणि कुरकुरत का होईना, ती पाळते. चिखलाने बरबटलेला, घाण वास मारणारा देव येतो तेव्हा सगळ्या नोकरांना दोर ओढायला लावते, आणि काम फत्ते झाल्यावर सेनला मिठी मारते. धंदा कळतो बाईला.

झेनिबा आठवते ती दलदलीजवळच्या घरात चहा पाजणारी गोड आजी म्हणून. पण ती पहिल्यांदा येते कशी? तिच्या कागदी पक्ष्यांनी हाकूला, चिहिरोला मदत करणाऱ्या मुलाला, रक्तबंबाळ केलेलं असतं. वर बहिणीच्या अवाढव्य बाळाला, आवाज फार करतोस, जाडही झालायस, म्हणत त्याचा उंदीर करून टाकते. सख्खी मावशी!

वर्गात 'युबाबा' म्हटलं की हशा पिकतो. आजीबाई आणि 'बाबा'? जपानीत 'बाबा' म्हणजेच म्हातारी. 'यु' म्हणजे गरम पाणी, 'झेनी' म्हणजे नाणी. पैशांत लोळते युबाबा, आणि पैशाचं नाव लावून साधी राहते झेनिबा. आता फळ्यावर 'झेनी'चं चित्राक्षर काढा, शेजारी 'यु'चं. जोडीने आली की उच्चार बदलतो, दोन्ही मिळून वाचायचं 'सेंतो', म्हणजे सार्वजनिक न्हाणीघर! झेनिबा स्वतःच सांगते, आम्ही दोघी मिळून एक, पण पटत मात्र नाही. दोघींचा आवाजही एकीचाच, मारी नात्सुकी या अभिनेत्रीचा.

चिहिरो तर दोघींनाही 'ओबाआचान' म्हणते. आजी. शेवटच्या परीक्षेत ती जिंकते, करार फुटून नाहीसा होतो, आणि निघताना ती युबाबाला म्हणते, "ओसेवा नि नारिमाशिता." तुम्ही माझं खूप केलंत, अशा अर्थाचं, एखाद्या घरातून, नोकरीतून निरोप घेताना म्हणतात तसं. मी हे वाक्य याच प्रसंगावरून शिकवते.

युबाबाचं त्यावर उत्तर एवढंच: "हं!"