हिरड्याचा पेला

चोवीस मीटर कापड दोरीवर वाळत होतं आणि त्यातला एक वीतही मला हव्या त्या रंगाचा नव्हता.

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं आमचं गाव, मावशीच्या घरामागचं काजूचं भाट, झाडाझाडांना बांधलेल्या दोऱ्या. मी मुंबईला फॅशन टेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला होते. शाश्वत उत्पादन विकास हा माझा मुख्य विषय, आणि प्रोजेक्टसाठी मी गावी आले होते. काजूगरावरची पातळ तांबूस साल कारखान्यात पोत्यांनी निघते. तिच्यात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर असतं. तिचा रंग करून मांजरपाट रंगवायचा, त्याचे टेबल रनर शिवायचे आणि हे सगळं गावातल्या बायकांच्या गटाने स्वतःच्या हिमतीवर पुढे चालवायचं, असा बेत होता. किनाऱ्यावरच्या एका गेस्ट हाऊसने ३६ रनरची ऑर्डरही दिली होती. कापडाचा पन्हा ११० सेंटीमीटर. त्यात लांबीच्या तीन पट्ट्या अशा बसवल्या होत्या की चिंधीसुद्धा उरणार नव्हती. ती आखणी मी तीनदा तपासली होती.

मुंबईच्या प्रयोगशाळेत मी या रंगाचे चौदा नमुने काढले होते. आधी सोड्याच्या पाण्यात उकळून कापडाची खळ काढायची, मग कापडाच्या वजनाच्या २० टक्के हिरडा, नंतर १५ टक्के तुरटी, शेवटी सालीचा काढा. सुती धागा तुरटीला सहज धरत नाही, हिरड्यातलं टॅनिन मध्ये हात देतं, म्हणून हा क्रम. येणारा रंग बदामी, उन्हात धरला तर किंचित गुलाबी झाक दाखवणारा. धुण्याच्या चाचणीत त्याला ग्रे स्केलवर, म्हणजे रंग किती उतरला ते मोजायच्या पट्टीवर, पाचपैकी चार मिळाले होते. त्या नमुन्याचा तुकडा मी पाकिटात घालून गावी आणला होता आणि पहिल्या दिवशी सगळ्या बायकांच्या हातातून फिरवला होता.

आता तोच तुकडा मी दोरीवरच्या कापडाला लावून बघत होते. दोरीवर राखाडी होतं. सरळ राखाडीही नाही, ओल्या शेवाळासारखी हिरवट काळपट छटा, आणि जिथे घडी पडली होती तिथे गडद पट्टे.

कुणी काही बोललं नाही. सहा बायका, सगळ्या पहाटे चारला उठून चुली पेटवणाऱ्या. कापडाचे पैसे गटाच्या खात्यातून गेले होते. मावशी फक्त म्हणाली, "सुकल्यावर उजळेल गो." पण ते सुकलेलंच होतं.

त्या क्षणी मला आठवली ती माझी वर्गातली एक्सेल शीट. वस्तूचं जीवनचक्र मोजायला आम्हांला शिकवतात, कच्च्या मालापासून ती टाकून देईपर्यंत. वीज किती, वाहतूक किती किलोमीटर, पाणी किती लिटर. माझ्या शीटमध्ये पाण्याचा आकडा होता, आणि तो मी अभिमानाने कमी करत आणला होता. पाणी कसलं, असा रकाना तिच्यात नव्हता.

पण हे तेव्हा लगेच सुचलं नाही. आधी मी भांड्यावर संशय घेतला.

भांडी देवळातल्या समाराधनेची होती, मोठी स्टीलची टोपं. एका बाजूला तांब्याचं भाणही होतं, न्हाणीघरातलं, त्यात आम्ही फक्त साल भिजवली होती. तांब्याने छटा बदलते हे पुस्तकात होतं. पण भाण न लागलेल्या तुकड्यांचाही रंग तोच. मग तुरटी. बाजारच्या तुरटीत लोहाचा अंश असू शकतो, हे मॅडमनी वर्गात बजावलं होतं. मग चुलीची राख उडून पडली असेल का. मग साल: मुंबईला नेलेली एका कारखान्यातली, ही दुसऱ्या. मी वहीत एकाखाली एक लिहीत गेले. लिहिताना हात थरथरत होता, कारण यातलं काहीही खरं निघालं तरी चूक माझीच होती. गावात आल्यावर आधी अर्धा मीटर रंगवून बघायला हवा होता. ऑर्डरची तारीख जवळ होती आणि चौदा नमुन्यांवर माझा नको तितका विश्वास होता.

दुपारी जेवण कुणाला गेलं नाही. सोलकढीवर भागवलं. गटातल्या सगळ्यांत वयस्कर काकी पडवीत बसून तांदूळ निवडत होत्या. त्या आमच्याकडे न बघताच म्हणाल्या, "बावीचं पाणी घेतलात मगे? त्या बावीच्या पाण्याचा चहा काळा होतो. आम्ही कधी करत नाही."

मी उठून उभी राहिले.

रंगाला पाणी लागतं ते असं: कापड साधारण चार किलो, आणि एका किलोला ३० लिटर. म्हणजे एका बाथला, कापड एकदा बुडवायला, १२० लिटर. खळ काढायची, हिरडा, तुरटी, रंग, मधलं आणि शेवटचं खळबळणं धरलं तर सहा-सातशे लिटर सहज. नळाला सकाळी तासभर पाणी. तेवढ्यात घरच्या कळश्या भरायच्या की आमची टोपं? म्हणून सगळ्यांनी मिळून विहिरीवरून पाणी शेंदलं होतं. शेंदलं तेव्हा ते काचेसारखं स्वच्छ होतं. मी स्वतः ओंजळीत घेऊन पाहिलं होतं.

चार पेले मांडले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात विहिरीचं, तिसऱ्यात नळाच्या पाण्यात विरघळवलेली आमची तुरटी, चौथ्यात बाटलीतलं विकतचं पाणी. प्रत्येकात दोन चमचे हिरड्याचं गाळलेलं पाणी घातलं. हिरड्याचं पाणी गवताच्या काडीसारखं पिवळसर असतं. बायका भोवती जमल्या. नळाचा पेला पिवळा राहिला, तुरटीचाही, बाटलीचाही. विहिरीचा पेला आधी जांभळट झाला, मग आमच्या डोळ्यांदेखत वरून खाली शाईसारखा काळवंडत गेला.

टॅनिन आणि लोह भेटले की काळी शाई होते. जुन्या काळी लिहायची शाई अशीच करत, हिराकस आणि हिरडा किंवा माजूफळ घालून. आम्ही चोवीस मीटर कापड आधी हिरड्यात भिजवून लोहासाठी भुकेलं केलं होतं आणि मग लोहाच्या पाण्यात पुन्हा पुन्हा बुडवलं होतं.

दुसऱ्या दिवशी डिचोलीहून चाचणीच्या पट्ट्या आणल्या. लिटरला साधारण चार मिलिग्रॅम लोह. ऐकायला काहीच नाही. पण किलोभर कापडामागे ३० लिटर, म्हणजे एका बाथला १२० मिलिग्रॅम, आणि असे सहा बाथ. कापडाने ते सगळं टिपून घेतलं होतं. मुंबईच्या नळाला येतं ते तलावांतलं, शुद्ध केलेलं पाणी. माझी रेसिपी त्या पाण्याची होती, आणि ते मी तिच्यात कुठेही लिहिलं नव्हतं.

मला सगळ्यांत जास्त लागलं ते वेगळंच. मी या तालुक्यात वाढले. २०१२ मध्ये लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. त्याआधीची वर्षं मला आठवतात ती रस्त्यावरून एकामागून एक जाणाऱ्या खनिजाच्या ट्रकांची आणि माझ्या पांढऱ्या युनिफॉर्मची. पावसाळ्यात ट्रकाने उडवलेला तांबडा चिखल एकदा कापडावर बसला की जात नसे. आई लिंबू चोळायची, मीठ लावायची, उन्हात टाकायची, तरी पिवळट तपकिरी डाग राहायचाच. लोह कापडाला कसं धरतं हे मी वर्गात शिकण्याच्या दहा वर्षं आधी आईच्या हाताखाली पाहिलं होतं. आणि त्याच मातीतल्या विहिरीचं पाणी घेताना माझ्या डोक्यात लोह आलं नाही.

संध्याकाळी मॅडमना फोन केला. तोवर मी मनात एक सुटकेची वाट शोधून ठेवली होती. म्हटलं, राखाडीही वाईट दिसत नाही. त्याला खाणपट्ट्याचं नाव देऊ, छापील चिठ्ठीवर त्याची गोष्ट लिहू, गेस्ट हाऊसला आवडेलसुद्धा. वर्गात असं पुष्कळदा चालतं. बिघडलेल्या नमुन्याला चांगलं नाव दिलं की तो डिझाइन होतो.

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "जुन्या छिटांतल्या काळ्या रेघा पाहिल्या आहेस का तू? संग्रहालयात?"

पाहिल्या होत्या. छिटं म्हणजे फुलांच्या नक्षीची जुनी रंगवलेली सुती कापडं. लोह आणि टॅनिनचा काळा रंग जिथे लावलेला असतो, तिथलं सूत काळाच्या ओघात कुजतं. फुलं शाबूत राहतात, त्यांची बाह्यरेषा गळून पडते. लोह सुती धाग्याला आतून खातं. आमच्या कापडात लोह किती आणि ते किती वर्षांनी धागा कमजोर करील, हे मोजल्याशिवाय सांगता येणार नव्हतं. ज्या वस्तूचं आयुष्य मला माहीत नाही ती टिकाऊ म्हणून विकायची कशी? मी मॅडमना पुढे काही विचारलं नाही.

रात्री गटाची बैठक झाली. मी सगळं सांगितलं, छिटांचंही. एकीने विचारलं, "मग ह्या परास आम्ही तांबडा का केला नाही?" तिला कुणबी कापडाचा तांबडा चौकडा म्हणायचा होता. तिची आजी तेच नेसायची, खांद्यावर गाठ मारून. मुंबईत गोव्याचं नाव निघालं की आमच्या वर्गातही तेच चित्र पडद्यावर येई, आणि कोलवाळच्या फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्सनी ते विणकाम रॅम्पवर कसं नेलं ते सांगितलं जाई. पण पक्का वनस्पतिज तांबडा मिळतो मुळांतून, मंजिष्ठेच्या किंवा बारतोंडीच्या. मंजिष्ठा बाहेरून विकत आणायची, आणि बारतोंडीची मुळं खणायची म्हणजे झाडालाच हात घालायचा. इथे पोत्यांनी वाया जाणारं होतं ते काजूचं. हे मी समजावून सांगितलं, तिला ते पटलं, तरी तिच्या चेहऱ्यावरचा तांबडा काही गेला नाही. तिच्या आजीचं एक कापड अजून पेटीत आहे. ते मी नंतर जाऊन पाहिलं, आणि त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

ठरलं ते असं. गेस्ट हाऊसला खरं सांगायचं आणि दहा दिवस मागून घ्यायचे. नव्या कापडाचे अर्धे पैसे मी माझ्या प्रोजेक्टच्या रकमेतून द्यायचे. पूर्ण द्यायला मी तयार होते, पण काकी म्हणाल्या, "बाव आमची, आम्हीही बोललो नाही. अर्धे आमचे." राखाडी कापड विकायचं नाही, रनरचे आणि पिशव्यांचे कच्चे नमुने बेतायला वापरायचं.

पाण्याचा उपायही काकींच्याच घरात होता. त्या विहिरीचं पाणी त्या रात्री मडक्यात भरून ठेवत, सकाळी वरचं ओतून घेत आणि तळाला बसलेला गेरूसारखा साका अंगणात टाकत. विरघळलेल्या लोहाला हवा लागली की ते गंजून तळाला बसतं, हे त्याचं शास्त्र. आम्ही तेच मोठ्या प्रमाणावर केलं. पाणी कळशीने उंचावरून पिंपात ओतायचं, म्हणजे हवा जास्त मिसळते. रात्रभर निवळू द्यायचं. सकाळी वाळूच्या थरातून गाळायचं. पहिल्या दिवशी पेला तरी जांभळट झाला. वाळूचा थर वाढवला, दोन रात्री ठेवलं. तिसऱ्या सकाळी हिरड्याचा पेला पिवळा राहिला, आणि मी नाही, काकींनी तो उजेडात धरून सगळ्यांना दाखवला.

या खेपेला आधी अर्धा मीटर रंगवला. मुंबईच्या तुकड्याइतका तो उजळ नव्हता, एक घर गडद होता, गुलाबी झाक कमी. गेस्ट हाऊसला तो तुकडा पाठवला. त्यांनी होकार दिला, मगच चुली पेटल्या.

ज्यूरीच्या दिवशी मी दोन्ही कापडं शेजारी शेजारी लावली. एका परीक्षकांनी राखाडीला हात लावून विचारलं की हे उत्पादनात का नाही. मी चाचणीच्या पट्ट्या दाखवल्या आणि छिटांबद्दल सांगितलं. राखाडीची फाडण्याची ताकद मी दर सहा महिन्यांनी मोजणार आहे. त्याचे तुकडे तारखा घालून माझ्या कपाटात ठेवलेत.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, मी मुंबईत असताना, मावशीचा फोन आला. मागे धो धो पाऊस ऐकू येत होता, तिला ओरडून बोलावं लागत होतं. पन्हळीखाली त्यांनी चार पिंपं लावली होती. कौलं धुऊन निघावीत म्हणून पहिल्या दोन दिवसांचं पाणी सोडून दिलं, मग धरलं. "पेला केला गो," ती म्हणाली, "पिवळाच आहे. उद्या सालीला हात घालू?"