उडणारा गज विलंबितात घोटून येत नाही

"आधी विलंबितात घोट, मग दुगुन कर, चौगुन आपोआप येतंय" हे ऐकतच आपल्याकडं सगळे व्हायोलिन शिकतात, आणि खोटं नाहीये ते, पलटे, ताना, गमक सगळं असंच येतं. पण वेस्टर्नमध्ये गज, म्हणजे व्हायोलिन वाजवायचा बो, तारेवर उड्या मारत जातो ना टकटकटकटक, त्यातला जो एकदम फास्टवाला प्रकार आहे, सोतिये, तो हळू वाजवताच येत नाही. म्हणजे अवघड जातं असं नाही, शक्यच नाही. ठराविक स्पीडच्या खाली गज उडतच नाही, तारेला चिकटून नुसता घासत बसतो. मग विलंबितात घोटणार काय, कप्पाळ?

मी अधूनमधून सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला एका मॅडमकडं जातो शिकायला, बाकी रियाज इथंच सोलापुरात घरी. त्या म्हणाल्या, "तुम्ही हळूचं फास्ट करायला जाताय म्हणून अडतंय. फास्टच सुरू करा, फक्त छोटं वाजवा." छोटं म्हणजे गज जेमतेम दोन बोटं सरकायचा, मधोमध, आणि उडवायचा नाही. तारेवरच ठेवून भराभर घासायचा, मनगट सैल, पहिल्या बोटाचा दाब जवळपास काढून घ्यायचा. असं करत करत एका क्षणी काठीच आपली आपण नाचायला लागते. गजाला ताणून लावलेले केस तारेला जवळजवळ चिकटलेलेच असतात, उडते ती वरची काठी, आणि कानाला मात्र प्रत्येक स्वर सुटा सुटा ऐकू येतो. माझ्या गजाला हे मेट्रोनोमवर (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला साधारण 120 लावून एका ठोक्याला चार वाजवले की सुरू होतं, म्हणजे सेकंदाला आठ. तुमच्या गजाचं वेगळं असेल, प्रत्येक काठीचा स्वभाव वेगळा.

आता स्पिकाटो. हा त्याचा भाऊ वाटतो पण चुलत आहे म्हणा. यात गज तुम्ही स्वतः उचलता, टाकता, प्रत्येक स्वराला वेगळा, त्यामुळं तो हळूही येतो आणि याचा रियाज मात्र आपल्या पद्धतीनं खुशाल करावा. जागा मधल्यापेक्षा जरा खाली, फ्रॉगच्या (गज हातात धरतो ते टोक) बाजूला, तोलाचा बिंदू असतो ना (गज एका बोटावर आडवा धरून बघा, सापडतो) त्याच्या आणि मध्याच्या दरम्यान. गज वरून सरळ आपटायचा नाही, अर्धगोल काढत खाली येऊन तारेला स्पर्श करून पुन्हा वर. आपटला की नुसता खटका येतो, स्वर येत नाही. हे चुकतंय का ते ओळखायचं सोपं, लांब उभ्या माणसाला विचारायचं सा ऐकू आला का लाकूड ऐकू आलं.

बरेच जण स्पिकाटो शिकतात, त्याचाच स्पीड वाढवत सोतियेपर्यंत जायला बघतात आणि हात आखडून बसतात. स्पिकाटोत प्रत्येक स्वर मी वाजवतो, सोतियेत मी फक्त हात हलवतो आणि बाकी काठी बघून घेते, त्यामुळं एकाचा स्पीड वाढवून दुसरं होत नाही. माझ्या मते दोन्हीचा रियाज वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या टोकांनी करावा.

काठी उडते कशामुळं हे कळल्यावर मला जास्त मजा आली. युरोपातले जुने, बरोक काळातले (सतरावं-अठरावं शतक) गज बाहेरच्या बाजूला फुगीर असायचे, धनुष्यासारखे. मग पॅरिसमध्ये फ्रान्स्वा तुर्त नावाच्या कारागिरानं 1785 च्या आसपास जो गज पक्का केला त्यात काठीला उलटा बाक दिला, केसांच्या बाजूला आत वळलेला, आणि लाकूड ब्राझीलमधलं पर्नांबुको. तोच गज आजपर्यंत चाललाय, साधारण 75 सेंटीमीटर, वजन 60 ग्रॅमच्या आसपास. त्या बाकामुळं काठीत स्प्रिंग येते. आणि गंमत म्हणजे ही स्प्रिंग सगळीकडं सारखी नाही, टोकाकडं गेलात तर टप्पे जलद पडतात, फ्रॉगकडं आलात तर सावकाश. म्हणजे लय बदलायची असेल तर हाताला जास्त कष्ट देण्याआधी जागा बदलून बघायची. हे एवढं एक वाक्य कुणीतरी सुरुवातीलाच सांगितलं तर शिकणाऱ्याचे कितीतरी महिने वाचतील.

पण आपल्याकडं वाजवणाऱ्याची खरी अडचण काठीत नाहीच, कानात आहे. आपण व्हायोलिन शिकतो गायकी अंगानं, म्हणजे गळ्यातून गावं तसं. आपल्या व्हायोलिनवादकांपैकी एन. राजम ऐका, डी. के. दातार ऐका, गज तारेवरून उठलाय असं कुठं जाणवतच नाही, मींड (स्वरावरून स्वरावर घसरत जाणं) तुटायला नको, श्वास तुटायला नको. माझ्या इथल्या सरांनी लहानपणापासून तेच शिकवलं, गज चिकटून राहिला पाहिजे. मग तोच हात, तेच बोट, त्याला सांगायचं की सोड आता. बोट ऐकतच नाही हो. आपल्यात लयकारीवाले, लयीशी खेळणारे, नव्हते असं नाही, आपले व्ही. जी. जोग होते की, पण क्लासमध्ये पहिली काही वर्षं लांब गज आणि लांब गज एवढंच असतं, आणि ते बरोबरही आहे.

शिवाय बसायची पद्धत. मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं उजव्या पायावर टेकवून. त्यात व्हायोलिन खाली उतरतं असतं, त्यामुळं गज उडाला की दर टप्प्याला थोडा थोडा घसरून घोडीपासून (तारा जिच्यावर टेकतात ती) लांब, फिंगरबोर्डवर जातो आणि तिथं तार मऊ लागते, टप्पा मरतो. वेस्टर्नवाले खांद्यावर धरतात, तार बऱ्यापैकी आडवी, गज पडतो तिथंच परत पडतो. त्यात माझं व्हायोलिन सा-प मध्ये उतरवून लावलेलं, तारा आधीच सैल. शेवटी एक जुनं व्हायोलिन वेस्टर्न ट्युनिंगला लावून वेगळं ठेवलं आणि हे सगळं उभं राहून वाजवायला लागलो तेव्हा फरक पडला. मांडी घालूनही जमवणारे असतील, माझं सांगतोय.

रियाजाला जागेचा प्रश्न नाही आमच्याकडं. घर पूर्व भागात, शेजारी पॉवरलूम, टॉवेलचं काम दिवसभर खडखडखडखड. त्या आवाजात मी काहीही वाजवलं तरी गल्लीत कुणाला पत्ता लागत नाही. फक्त लाइट गेली की लूम बंद पडतात आणि मग एकदम सगळ्यांना माझं व्हायोलिन ऐकू येतं. असंच एकदा शेजारच्या मामांनी खिडकीतून विचारलं, "का बे, थंडी वाजायलीय का तुझ्या गजाला?" मे महिना होता.

मे वरून आठवलं, इथल्या हवेचं सांगायलाच पाहिजे. गजाचे केस म्हणजे घोड्याच्या शेपटीचे केस, कोरड्या हवेत आखडतात, दमट हवेत लांबतात. सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे पारा 42-43 आणि हवेत पाण्याचा थेंब नाही, तेव्हा काल बरोबर होता तो ताण आज आपोआप जास्त झालेला असतो. आणि उडणाऱ्या गजात ताणावर सगळा खेळ. जास्त झाला तर गज थरथरतो, ताब्यात राहत नाही, कमी झाला तर काठी केसांना टेकते आणि उडीच नाही. काठी आणि केस यांच्यात मधोमध साधारण पेन्सिल जाईल एवढं अंतर, उडवायचा असेल तर अगदी किंचित जास्त, असं बघून रोज स्क्रू फिरवायचा. वाजवून झालं की ढिला करायचाच करायचा, उन्हाळ्यात तर विसरूच नका, केस आखडले तर ताण थेट काठीवर येतो. पावसाळ्यात उलटं, फिरव फिरव फिरवला तरी केस लोंबकळतात.

उडणाऱ्या गजाचा तिसरा प्रकार, रिकोशे, राहिला. लहानपणी संभाजी तलावात चपटा दगड फेकून टप्पे काढायचो, तसंच आहे ते, फेकायचं एकदा आणि टप्पे त्याचे तो मोजणार. एकाच दिशेच्या गजात तीन-चार-पाच स्वर. इटलीचा व्हायोलिनवादक पगानिनी, त्याच्या एकट्या व्हायोलिनसाठीच्या 24 कॅप्रिस (छोट्या रचना) 1820 साली छापून आल्या, त्यातली पहिलीच यानं भरलेली आहे, ती मी नुसती ऐकतो. वाजवायला नाही, पण कान तयार करायला जर्मन संगीतकार मेंडेल्सोनचा ई मायनर कॉन्सर्टो (सोलो व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्राची रचना) बघा, 1844 चा, पहिल्या भागात एकट्या व्हायोलिनचा कडेन्झा संपत येतो तेव्हा चारही तारांवरून गज असा उडत जातो, आणि तो उडत असतानाच खालून ऑर्केस्ट्रा मूळची चाल घेऊन येतो. तिथं सोलो वाजवणारा एकदम साथीदार होऊन जातो. मला त्या जागेसाठी अख्खा कॉन्सर्टो परत परत लावावासा वाटतो.

सध्या माझं अडलंय ते मधल्या लयीत. स्पिकाटोला जास्त फास्ट, सोतियेला कमी, असा एक पट्टा आहे आणि नशीब असं की निम्म्याअधिक धडे त्याच पट्ट्यात लिहिलेले असतात. मॅडमचं म्हणणं, तिथं स्पिकाटोच ठेवा पण उंची कमी करा आणि मध्याकडं या, तारेपासून नखभरच सुटला पाहिजे. म्हणून काठीवर मी कागदी टेपच्या दोन बारीक पट्ट्या लावल्यात, एक स्पिकाटोची जागा, एक सोतियेची, आणि रोज त्या दोन्हींच्या मधे तिसरी जागा शोधतोय, डाव्या हाताला सुट्टी देऊन, नुसत्या मोकळ्या तारेवर. डावा हात त्यात घेतला की कोण पुढं कोण मागं याचं भांडण सुरू होतं, ते नंतर बघू.