तापीकाठचा रणगाडा : अखेर ट्रॅक बसले

मागच्या नोंदीत माझ्या रणगाड्याच्या मॉडेलचं टरेट (तोफेचा फिरता बुरूज) अर्धवट सोडलं होतं, ते अजून तसंच पडलंय. अख्खा महिना ट्रॅकनेच, म्हणजे चाकांभोवतीच्या साखळपट्ट्यांनीच खाल्ला.

माझा रणगाडा कल्पनेतल्या 2140 सालचा, पण त्याला चालायचंय तापी खोऱ्यातल्या काळ्या मातीत, तेही ऐन पावसाळ्यात. दोन चांगल्या सरी पडल्या की इथे ट्रॅक्टर अ‍ॅक्सलपर्यंत रुततो, हे लहानपणापासून बघतोय. पहिल्या आराखड्यात वजन 40 टन, ट्रॅकची रुंदी 60 सेंटिमीटर आणि जमिनीला टेकणारी लांबी साडेचार मीटर होती. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 0.74 किलो भार. भिजलेल्या कपाशीच्या वावरात हे मला पटेना. रुंदी 75 केली, तेव्हा भार 0.59 वर आला. मॉडेलच्या 1:35 मापात, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्यात, 17 मिलिमीटरचा ट्रॅक 21 च्या पुढे गेला आणि फेंडर, बाजूची चिलखतं सगळं नव्याने कापावं लागलं.

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन टायगर रणगाड्यासारखी एकमेकांत गुंतलेली चाकं फार मनात होती. पण रशियातल्या चिखलाने त्याच चाकांना जाम केलं होतं, आणि आपली माती तर त्याहून चिवट. सोडून दिली. आता प्रत्येक बाजूला सात जोड्या, एकूण 28 चाकं.

ती कापली ठिबकच्या 16 मिलिमीटरच्या नळीतून. 35 ने गुणलं की 56 सेंटिमीटर, रोड व्हीलला (ट्रॅकवर धावणाऱ्या चाकाला) शोभणारं माप! बांधावर जुन्या लॅटरलचं वेटोळं पडलेलंच होतं. आतला क्षाराचा पांढरा थर खरवडला. पातं दाबलं की काप तिरका जायचा, म्हणून आत लाकडी दांडी घालून नळीच पात्याखाली फिरवली. सुपरग्लू या प्लॅस्टिकला धरत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. सनबोर्डची चकती किंचित मोठी कापून आत घट्ट दाबून बसवा, हलत नाही.

टरेट माणसांविनाच राहील. 2015 च्या मॉस्को संचलनात दिसलेल्या रशियन आर्माटा रणगाड्यासारखे चालवणारे तिघेही हलमधल्या (खालच्या धडातल्या) चिलखती कप्प्यात. तोफ विद्युतचुंबकीय, त्यामुळे आत दारूच नाही. टी-72 या सोव्हिएत रणगाड्यामध्ये दारूगोळा टरेटखालीच गोलाकार रचलेला असतो, तो पेटला की टरेट उडतं. ती भीती इथे नाही. तोफेचा मागचा धक्का मात्र कुठे जात नाही, गोळा पुढे गेला की तो बसणारच. त्यासाठी तोफ ज्यांवर टेकते त्या खुंट्या आता जाड करतोय.