अकरा टक्के आणि फिलर गेज

फिटर ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाची पोरं घेऊन मी धरणगाव रस्त्यावरच्या त्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी (बी) वेगळी काढायच्या कारखान्यात, पोचलो, तेव्हा शेठ फोनवर होते. एक फोन संपला की दुसरा. हातानेच त्यांनी आम्हाला आत जायची खूण केली. तारीख होती १९ ऑगस्ट २०२५, मंगळवार. पोळा तीन दिवसांवर आणि गणपती आठवड्यावर. आमच्या खानदेशात गणेश चतुर्थीला वजनकाट्याची पूजा होते, कापसाची पहिली गाडी मोजली जाते आणि जिनिंगवाल्यांचं वर्ष सुरू होतं. त्याआधी प्रत्येक जिन, म्हणजे सरकी काढायचं मशीन, खोलून, झिजलेलं बदलून, परत बांधायचा. शेठना हात हवे होते, मला पोरांसाठी खरं मशीन हवं होतं. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये पोरं लोखंडाच्या पट्टीवर फाइल मारतात, दोन तुकडे एकमेकांत बसवतात, व्हर्नियरने मोजतात. ते लागतंच. पण ज्या मशीनवर कुणाची रोजी अवलंबून आहे ते उघडताना पोराचा हात वेगळा चालतो.

आता एक गोष्ट बाहेरच्यांना नवल वाटेल. कापसाचा मुलूख म्हणवतो आम्ही, पण आमच्या आयटीआयमध्ये जिन फिटर असा ट्रेड नाही. नागपूरला केंद्र सरकारच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं, म्हणजे सिरकॉटचं, जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे आणि तिथे शिकवतात चांगलं. पण पारोळ्याचं किंवा चोपड्याचं पोर नागपूरला जाऊन राहणार कधी, कुणाच्या खर्चाने? त्यामुळे जिनचं काम अजून बापाकडून मुलाकडे, मिस्तरीकडून हेल्परकडे असंच जातं.

या जिनिंगचे मिस्तरी सत्तरीच्या आसपासचे. कागद एकही नाही. शेठच्या वडिलांपासून तिथेच. त्यांनी पोरांना डबल रोलर जिन उघडून दाखवला. पोलादी शाफ्टवर चामड्याच्या चकत्या दाबून बसवलेले दोन रोलर, त्यांच्या अंगावर तिरक्या खाचा. रोलरला टेकलेला स्थिर चाकू आणि समोर वरखाली होणारा हलता चाकू. कापसाचा धागा रोलरच्या खरखरीत अंगाला चिकटून चाकूखालून ओढला जातो, सरकी मात्र त्या फटीतून जाऊ शकत नाही. हलता चाकू तिला ठोकत राहतो, धागा सुटला की ती खाली जाळीवर पडते. सगळी करामत दोन चाकूंच्या अंतरात. जास्त झालं की सरकीला रुई, म्हणजे कापसाचा धागा, चिकटून राहते, उतारा घटतो. शंभर किलो कापसातून तेहतीस ते छत्तीस किलो रुई निघते, त्यात अर्धा किलो गेला तरी सीझनअखेर शेठच्या तोंडचं पाणी पळतं. कमी झालं की सरकी फुटते आणि तिचे तुकडे रुईत येतात. चाकूचा दाब जास्त पडला की रोलर तापतो, आणि रुईच्या कारखान्यात तापणं म्हणजे काय हे सांगायला नको.

मी आधी मेन स्विचचे फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवले. मिस्तरी हसले. हसू देत.

मग ते एका हाताने पुली फिरवत आणि डोकं फ्रेमला जवळपास लावून ऐकत, बोल्ट अर्ध्या आट्याने सैल, पाव आट्याने घट्ट, असं करत पुढच्या जिनवर गेले. पारोळ्याकडच्या एका पोराने विचारलं, "बाबा, अंतर किती ठेवलं?" मिस्तरी अहिराणीत म्हणाले, "सेटिंग डोयाघाई नही, कानघाई व्हस." म्हणजे डोळ्यांनी नाही, कानांनी होतं.

पोरगं गप्प बसणारं नव्हतं. त्याने फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या वेगवेगळ्या जाडीच्या पोलादी पानांचा संच, काढलं आणि मिस्तरींनी लावलेल्या प्रत्येक जिनवर पानं घालून बघितली. सहा जिनवर तेच पान, तीच घासून जाणारी पकड. मी वर्गात वर्षभर ज्या मापासाठी ओरडतो ते या माणसाने कान लावून साधलं होतं, मला जरा खटकलंच. सातव्यावर पान वेगळं लागलं. पोराला वाटलं, सापडली चूक. मिस्तरींनी रोलरवर बोट ठेवलं. तो जुना होता, व्यास घटलेला. नव्या रोलरचं माप त्याला लावलं असतं तर पहिल्याच दिवशी सरकी फुटली असती. मग मी पोरांना कामाला लावलं. प्रत्येक रोलरचा व्यास, प्रत्येक जिनला लागणारं पान, सगळं एका तक्त्यात लिहा म्हटलं. मिस्तरी मध्येमध्ये आकडा बदलायला लावत होते, म्हणजे त्यांना ते आवडलं होतं.

दुपारी शेठ आत आले आणि म्हणाले, "मिस्तरी, बाराच उघडा. बाकीचे राहू द्या."

चोवीस जिनची जिनिंग. बारा झाकून ठेवायचे?

आदल्या रात्री दिल्लीहून अधिसूचना निघाली होती. कापसाच्या आयातीवर असलेलं अकरा टक्के शुल्क ३० सप्टेंबरपर्यंत माफ. हे अकरा टक्के २०२१ च्या अर्थसंकल्पात आले. पाच टक्के मूळ सीमाशुल्क, पाच टक्के कृषी पायाभूत सुविधांचा अधिभार आणि त्या दहावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, असे मिळून अकरा. २०२२ मध्येही ते काही महिने उठवलं होतं. या वेळी कारण अमेरिकेचं. तिने ७ ऑगस्टपासून भारतीय मालावर २५ टक्के लावले होते, २७ पासून आणखी २५ लागणार होते. कपडे निर्यात करणाऱ्यांचं कंबरडं मोडणार, तर निदान कच्चा माल तरी त्यांना स्वस्त मिळू दे, असा हिशोब.

चहा घेताना पोरांत जुंपली. पारोळ्याच्या पोराच्या घरी चार एकर कापूस. तो म्हणाला, "बाहेरचा कापूस आला तर आमचा कोण घेईल? हमीभाव ८,११० आहे, पण तो कागदावर." शिरपूरकडच्या पोराचा भाऊ सूतगिरणीत. त्याचं म्हणणं उलटं. "कापूस महाग म्हणून गिरणी एका पाळीवर आली, भावाचा पगार दोन महिने लांबला. बांगलादेशवाले शुल्क न भरता कापूस आणतात, त्यांच्यापुढे आमचं सूत कसं टिकेल?" दोघेही आपल्या घरातलं बोलत होते आणि दोघांचंही खरं होतं. मी मास्तर असूनही निवाडा केला नाही. शेठनी मात्र व्यापाऱ्याचं बोलून दाखवलं. ब्राझील नाहीतर अमेरिकेतून जहाज यायला आठवडे लागतात, सप्टेंबरअखेरपर्यंत फार माल येणार नाही. आणि आपला कापूस खरा येतो ऑक्टोबरनंतर. "पण मुदत वाढवली तर मेलो," ते म्हणाले. म्हणून बारा.

मला जो राग आला तो शुल्काचा नव्हता. शुल्क रात्रीतून उठतं, रात्रीतून परत लागतं. मिस्तरींचा कान तसा येत नाही. मी शेठना तिथेच म्हटलं, पारोळ्याच्या आणि शिरपूरच्या या दोघा पोरांना शिकाऊ म्हणून घ्या. ते म्हणाले, सर, मी ऑक्टोबर ते मार्च चालवतो, तुमचं करारपत्र वर्षाचं. पावसाळ्यात पोराला काय काम देऊ? आणि त्यांचे कायम कामगार तीसपेक्षा कमी, म्हणजे शिकाऊ घ्यायची सक्तीही नाही. त्यांच्यावर मी काय चिडणार? हंगामी उद्योगाला बसेल असा करार आमच्या खात्यात कुणी आखलेला नाही, मग आमची पोरं वर्षभराचं काम देणाऱ्या चाकणला जातात. खानदेशातल्या जिनिंगला परप्रांतातून आलेला, नाहीतर सत्तरीतला मिस्तरी पुरतो तोपर्यंत पुरतो.

त्या दिवशी आम्ही बारा जिन लावून परतलो. मिस्तरींनी निघताना तक्ता मागून घेतला आणि पॅनेलच्या खोलीत खिळ्याला अडकवला.

२७ ऑगस्टला गणेश चतुर्थी. त्याच दिवशी अमेरिकेचे पन्नास टक्के लागू झाले. इकडे काट्याला हळदकुंकू वाहून, नारळ फोडून मुहूर्ताचा कापूस मोजला गेला. दुसऱ्या दिवशी शुल्कमाफीची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली, म्हणजे शेठ ज्याला घाबरत होते तेच. दिवाळीनंतर खासगी भाव हमीभावाच्या खाली राहिला आणि शेतकरी हमीभावाने घेणाऱ्या भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्राकडे वळले. तिथे ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, बारा टक्क्यांच्या वर माल घेतच नाहीत. पारोळ्याच्या पोराच्या वडिलांनी गच्चीवर कापूस वाळवला, घरात पसरला, आणि मग ट्रॅक्टर भरला.

पोरगं तोपर्यंत परीक्षा देऊन मोकळं झालं होतं. शेठनी त्याला सीझनपुरता बोलावून घेतला, करारपत्राविना, रोजंदारीवर. मिस्तरी थंडीत मुलीकडे सुरतेला गेले असताना एका रात्री मला त्याचा फोन आला. तीन नंबर जिनची सरकी फुटतेय, तक्त्यातलं पान घालूनही फुटतेय. मी म्हटलं, तक्ता ऑगस्टचा आहे, रोलर चार महिने चाललाय. जिन बंद करून त्याने रोलर मोजला, व्यास घटला होता. सातव्या जिनच्या जुन्या रोलरला जे पान लागलं होतं, त्याच्या अंदाजाने अंतर लावलं, आणि पुली फिरवून ऐकलंही असं म्हणाला. फुटणं थांबलं.

कापूस कमी आल्यामुळे फेब्रुवारीतच जिन बंद झाले. शेठनी त्याचा हिशोब चुकता केला, वर शंभर-दोनशे जास्त दिले. पुढच्या आठवड्यात तो चाकणला एका गाड्यांच्या भागांच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला, तिथे पूर्ण वर्षाचा करार आहे.